बागेतला बर्फ

शहादा, ९ सप्टेंबर २०२५

आत्या,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते. आई पडली तेव्हा ती पायवाटेवर उभी होती आणि रविनाची फळी पायवाटेवर येऊन तिला लागली, असं मी लिहिलं होतं. आई पायवाटेवर नव्हती. ती दोरी ओलांडून टेकडीच्या पायथ्याच्या गवतात गेली होती. फळी दोरीच्या बाहेर आलीच नाही.

तू नगरपालिकेची बाग पाहिलीस ती टेकडी होण्याआधी, म्हणून जागा नीट सांगते. तळ्यातला गाळ काढून बागेतच टाकला, त्याची दोन-तीन माणूस उंच टेकडी झाली आणि तिच्यावर गवत आलं. तुझा भाचा भाग्येश उन्हाळ्यात हिमाचलातल्या कामावरून सुट्टीला आला तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्याने टाकून दिलेली बर्फावर घसरायची फळी घेऊन आला. दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवायचे आणि उभ्याने खाली यायचं. इथे बर्फ कुठला? त्याने आपल्या पपईच्या वाफ्यांवरचा जुना मल्चिंग पेपर, म्हणजे तण रोखायचं प्लास्टिक, उतारावर अंथरला, चंदेरी बाजू वर, आणि त्यावर पाणी मारलं. फळी सुसाट खाली आली. तेव्हापासून मुलं त्या कागदालाच बर्फ म्हणतात. 'आज बर्फ ओला शे का?' असं विचारत येतात. फिरायला येणाऱ्यांत काही हसायचे, काही चिडायचे. भिलाआप्पा तर रोज म्हणायचे, "आते पांढरं अस्वल बी येई एखादं."

पायथ्याशी भाग्येशने लाल दोरी ताणून बांधली होती, गुडघ्याखाली येईल एवढ्या उंचीवर. दोरीच्या आत फळी, बाहेर चालणारे. ऑगस्टमध्ये कामावर परत जाताना त्याने फळी रविनाकडे सोपवली. म्हणाला, "बोर्डाला ब्रेक नसतो ताई, रविनाच्या पायांना असतो." ती तुझ्या हाताखाली शिकून इथे कॉलेजला आलेली, म्हणून मलाही ते बरं वाटलं होतं.

आता चूक कशी कळली ते. आईच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. बापू तोवर वॉर्डच्या दारापर्यंतच येत होते. थोरला दीर भावजयीच्या खाटेशी कसा जाणार? शनिवारी डॉक्टरांनी घरच्या मोठ्या माणसाला बोलावलं आणि ते आत आले. आईला त्यांच्या वहाणांचा आवाज कळला. तिने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे वळायला गेली. पायात सळई घातलेली. ती अशी ओरडली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. बापू मान खाली घालून तिथेच थांबले.

आत्या, त्या क्षणी मला ती पडली त्या रविवारची सकाळ पुन्हा दिसली. बापू एरवी अंधार असतानाच फिरून येतात, आम्ही सातला जातो. त्या दिवशी पाऊस उशिरा थांबला म्हणून तेही उशिरा निघाले होते. वळणावर ते समोरून आले. आईने पदर ओढला, त्यांना वाट दिली, पाठ फिरवली आणि मागे सरकत सरकत दोरीपलीकडे गेली. बापूंनी मान खाली घातली. रविना तेव्हा उतारावर होती.

मी आईच्या मागेच होते आणि मी हे सगळं पाहिलं होतं. तरी लिहायला बसले तेव्हा आई मला पायवाटेवर उभी असलेलीच आठवली. बापू आले की ती बाजूला होते, हे मी पाळण्यात असल्यापासून बघते. ती हलली असं मला वाटलंच नाही. तू शिकवलं होतंस, डोळ्यांनी पाहिलेलं आधी लिही, मनाला वाटलेलं नंतर, मध्ये एक ओळ रिकामी सोड. मी तसंच लिहिलं होतं. चूक पाहिलेल्याच भागात झाली.

हे फक्त तुझ्या पत्रात चुकलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. बापूंनी नगरपालिकेत अर्ज दिलाय, की बागेत फळ्या, चाकं, घसरणं सगळं बंद करावं आणि मंगलाबाईंना पाडणाऱ्या मुलीवर कारवाई व्हावी. अर्जावर नगरपालिकेत बैठक होणार आहे आणि अर्जाला माझा जबाब जोडलाय. बापू म्हणाले, तू शुद्ध लिहितेस, तूच लिही. त्यातही 'पायवाटेवर' हाच शब्द आहे. खाली माझी सही आहे. वसतिगृहाच्या मॅडमनी तो जबाब वाचून रविनाला खोली सोडायला सांगितलंय.

मी काय करू ते सांग. जामसिंगची जीप उद्या सकाळी तळोद्याहून वर निघेल, तोवर हे पत्र त्याच्याकडे पोहोचेल असं बघते.

चारू


पाड्यावरून, १४ सप्टेंबर २०२५

चारू,

तुझं पहिलं पत्र मला गेल्या शनिवारी मिळालं आणि दुसरं शुक्रवारी. मधल्या सहा दिवसांत जे व्हायचं ते झालं. फुलसिंग, म्हणजे रविनाचे वडील, बुधवारीच शहाद्याला जाऊन तिला घेऊन आले. ती आता घरी आहे. दसऱ्यानंतर मुकादमाची टोळी ऊसतोडीला गुजरातेत जाईल. कोयता म्हणजे दोघांची जोडी, आणि त्यांना यंदा जोडीदार नव्हता, बायकोची, कोकिळेची, कंबर गेलीय. रविना आईच्या जागी जाणार असं ठरलंय.

जामसिंग पत्र देताना म्हणाला, "बाई, तुमची भाची लिहिते ते वाचून तुमचं तोंड असं का होतं? मी पोस्टमन झालो तर निदान चांगली बातमी तरी आणू द्या." मी त्याला चहा दिला.

तू काय करावंस, ते विचारलंस. मी दोन दिवस विचार केला. तुझा जबाब तू मागे घेऊ शकतेस. 'गडबडीत नीट दिसलं नाही, खात्रीने सांगता येत नाही,' एवढं लिहून दे. मुलीवरचा ठपका निघेल. मंगलावहिनी कोणासाठी वळली, का वळली, हे चार लोकांत यायची गरज नाही. तुला तिथे राहायचंय. तुझ्या बापूंना, माझ्या दादालाही.

दादाबद्दल माझं मन तुला माहीत आहे. मी शिकावं म्हणून तो आमच्या वडिलांशी भांडला. तुझा दमा होता आणि शाळा चार किलोमीटरवर, तेव्हा तुला चौथीपर्यंत घरात शिकवायला मला नोकरी सोडायला लावून त्यानेच थांबवलं आणि लोकांना सांगितलं, 'मन्ही बहीन शाळाच शे.' तुझे वडील गेल्यावर तुम्हा तिघांना त्याने काही कमी पडू दिलं नाही. ज्या बैठकीत तो अर्जदार आहे, तिथे त्याची पुतणी उठून सांगणार की भावजय त्याला पाहून पडली. लोक काय ऐकतील ते सांगू? अपघात कसा झाला ते नाही ऐकणार. आपल्या घरात बायका अजून पदर ओढतात, एवढंच ऐकतील.

मी त्या घरची मुलगी. मला कधी वळावं लागलं नाही. त्या सकाळी मी तिथे असते तर मलाही वहिनी वाटेवरच उभी दिसली असती. म्हणून स्वतःला फार खाऊ नकोस.

वहिनीच्या पायाचं कळव. गोळ्या वेळेवर दे, तिची साखर वाढू देऊ नकोस.

आत्या


शहादा, २० सप्टेंबर २०२५

आत्या,

आई घरी आली. वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत जाते. साखर ठीक आहे.

तुझं पत्र पुष्कळदा वाचलं. 'नीट दिसलं नाही' असं मी लिहू शकत नाही. मला नीट दिसलं होतं. तसं लिहिलं तर तो दुसरा खोटा जबाब होईल आणि पहिला निदान नकळत झाला होता. शिवाय रविनावरचा ठपका त्याने निघणार नाही. तुझं पत्र आल्यावर मी वसतिगृहाच्या मॅडमना विचारून आले. त्या म्हणाल्या, 'तुम्हाला दिसलं नाही म्हणजे ती निर्दोष होत नाही, बाळा. मुलगी दोरीच्या आत होती असं बैठकीत कोणी सांगितलं, नगरपालिकेने लिहून दिलं, तर खोली तिची. तोवर मी ठेवली तर उद्या मला विचारतील.' त्या मला वाईट शब्द बोलल्या नाहीत. चहाही दिला. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

तिथून बागेत गेले. बर्फ गुंडाळून माळ्याच्या खोलीमागे ठेवलाय. दोरी अजून आहे. मी दोरीजवळ उभी राहून पाहिलं आणि मला आणखी एक गोष्ट कळली, ती तुला लिहिणं भाग आहे. ती जागाच वाईट आहे, आत्या. वळणावर पायवाट दोरीला इतकी खेटून जाते, की समोरून दोघं आले तर एकाला गवतात उतरावंच लागतं. आई बापूंसाठी उतरली. उद्या कोणी बाबागाडीसाठी उतरेल. रविनाची चूक नाही हे खरं, आणि फळी तिथे नको हेही खरं. मी एक सांगितलं की लोक मला दुसरं सांगू देणार नाहीत.

मुलं बाकावर बसली होती. त्यांतली संध्या मला म्हणाली, "ताई, तुम्हीच लिहून दिलं ना? आता आम्ही काय बापूंसोबत फेऱ्या मारू?" बाकीची हसली. मला त्यांचा राग आला नाही. गावात क्रिकेटच्या मैदानावर मुली जात नाहीत, तलावाकडे जाऊ देत नाहीत. त्या टेकडीवर मात्र मुली यायच्या. घरी सांगायच्या, बागेत जातो. बागेला कोण नाही म्हणेल?

रात्री जेवताना मी बापूंना विषय काढून पाहिला. बैठकीचा नाही, फक्त बागेचा. ते म्हणाले, "बाग चालानी जागा शे. म्हातारा मानूसले बागमा बी मांगे देखी देखी चालनं पडी, ते मंग रस्तानं काय वाईट शे?" मी भाकरी वाढत राहिले.

मग मी आईशी बोलले. तिला सगळं विचारलं. ती वळली होती का, दोरी लागली होती का. तिने लपवलं नाही. दोरीत पाय अडकला, मग पाठीमागून काहीतरी आलं, म्हणाली. मी म्हटलं, मग हे बैठकीत सांगायला हवं. आई घाबरली. हाड मोडलं तेव्हा नव्हती घाबरली एवढी. "ते नको लिखू माय. लोके हासतीन. म्हनतीन, जेठले देखीसन बाई टेकडीवर चढनी." आणि स्वतःच थोडी हसली. मग रडायला लागली.

आत्या, पाय तिचा मोडला. वळली ती. ही गोष्ट तिची आहे. माझ्या सहीने चूक झाली म्हणून तिची गोष्ट मी चौकात मांडू शकते का? आणि नाही मांडली तर रविना ऊस तोडायला जाते. दोन्हीपैकी काहीही केलं तरी मी कोणाचं तरी घेऊन दुसऱ्याला देणार. पुस्तकात असं नसतं. तू शिकवलेल्या पुस्तकांत तरी नव्हतं.

भाग्येशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी फळी आणलीच नसती तर." मी म्हटलं, बापू उशिरा निघाले नसते तर, पाऊस लवकर थांबला असता तर. असं करत गेलं तर पपईपर्यंत पोहोचू. तो हसला नाही.

बैठक ७ ऑक्टोबरला ठरलीय. रविनाला माझ्याबद्दल काय वाटतं ते तू लिहिलं नाहीस. मुद्दाम नाही लिहिलंस का?

चारू


पाड्यावरून, २८ सप्टेंबर २०२५

चारू,

हो, मुद्दाम.

मागच्या पत्रात मी लिहिलं, की फुलसिंग जाऊन मुलीला घेऊन आले. ते खरं, पण अर्धं. तुझं पहिलं पत्र आलं त्या संध्याकाळी मी स्वतः त्यांच्या घरी गेले आणि ते वाचून दाखवलं. फुलसिंगभाऊ म्हणाले, पोर असं करणार नाही. मी म्हटलं, माझी भाची चुकीचं लिहीत नाही. पोलिसांत जायच्या आत घेऊन या, असंही मीच म्हटलं. तुझा शब्द मी पुराव्यासारखा वापरला. तुझं दुसरं पत्र आल्यावर मला त्यांच्याकडे जायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी तुला मोठा शहाणपणाचा सल्ला दिला. तो तू ऐकला नाहीस, बरं केलंस.

गेल्या रविवारी गेले. रविना अंगणात भगर कांडत होती. मी सांगितलं, चारूची चूक झाली होती, तिने कळवलंय. तिने मुसळ ठेवलं नाही. म्हणाली, "मॅडम, मला माहीत होतं चूक आहे. मी तिथेच होते ना." फुलसिंगभाऊ खाटेवर बसून होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि त्यांच्या पावरी बोलीत कोकिळेला काहीतरी म्हणाले. मला पावरी येते हे ते विसरले, की नाही विसरले, कोण जाणे. ते म्हणाले होते, 'शिकलेल्या लोकांचं बरं असतं, चुकलं की कागद बदलतात.'

मी विचारलं, टोळीला थांबवता येईल का. ते म्हणाले, मुकादम आठ तारखेला गाडी आणणार आहे. मुलगी नसेल तर कोयता दुसऱ्याला जाईल. मुलीला शहाद्यात खोली मिळणार असेल तर ती जाईल, भावाची बायको येते म्हणतेय माझ्यासोबत. पण खोली नसेल आणि कोयताही नसेल, असं मी करणार नाही. हे त्यांचं बोलणं मला बरोबर वाटलं. तुला कसं वाटतं ते तू ठरव.

रविनाने तुला चिठ्ठी दिलीय. मी वाचली नाही. सोबत पाठवते.

तू विचारलंस, आईची गोष्ट तू मांडू शकतेस का. मला माहीत नाही. मी तुला लिहायला शिकवलं, पण असं काही विचारशील म्हणून तयारी केली नव्हती.

आत्या


(सोबतची चिठ्ठी)

चारूताई,

शाळेच्या मॅडम म्हणाल्या तुम्ही दुरुस्त करणार आहात. म्हणून मी मला माहीत आहे ते लिहिते. तुमच्या आई आत आल्या तेव्हा मी अर्ध्या उतारावर होते. मी 'काकू बाजूला' असं ओरडले. त्यांची पाठ होती आणि कानावर पदर होता. मी फळी आडवी केली. फळी त्यांना लागली नाही. मी पडले आणि माझा खांदा त्यांना लागला. लागला हे खरं आहे, ते तुम्ही काढून टाकू नका. नाही तर लोक म्हणतील सगळंच खोटं.

आमच्याकडे लहानपणी आम्ही ताडाच्या झावळीवर बसून उतारावरून यायचो. कोणी खालून जात असलं की ते वर बघतात. वरचे ओरडतात. कोणी पाठ करून उभं राहत नाही. म्हणून मला वाटलं काकू बघतील. ती माझी चूक झाली असेल.

फळीचं तुम्ही मला विचारलं नाही तरी लिहिते. बंद केली तर मला वाईट वाटेल. शहाद्यात मला सगळे 'कोणत्या गावची' असं विचारतात. टेकडीवर मला कोणी विचारत नव्हतं, मला म्हणायचे पुन्हा करून दाखव. पण मला आधी खोली पाहिजे. दुसऱ्या वर्षाची परीक्षा नोव्हेंबरात आहे.

काकूंचा पाय बरा होऊ दे. मी त्यांना भेटायला दवाखान्यात आले होते, मला आत सोडलं नाही.

रविना


शहादा, ४ ऑक्टोबर २०२५

आत्या,

हे पत्र जामसिंगकडे मी स्वतः नेऊन देणार आहे, म्हणजे सोमवारपर्यंत तुला नक्की मिळेल. ते मिळताच फुलसिंगभाऊंकडे जा. का ते पुढे येईल.

रविनाची चिठ्ठी मी आईला वाचून दाखवली. 'मला आत सोडलं नाही' इथे आईने मला थांबवलं. विचारलं, कोणी सोडलं नाही. मला माहीत नव्हतं. मग कळलं, बापूंनी वॉर्डच्या शिपायाला सांगून ठेवलं होतं. आई बराच वेळ वॉकरच्या दांड्यावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "ती पोर आरोळी मारी ऱ्हायनी व्हती. मी ऐकी व्हती." तिने ऐकलं होतं, आत्या. पदरातूनही ऐकलं होतं. "ऐकी, पन बापू अजून जायेल नव्हतात. कशी फिरू?"

मी चिठ्ठी घडी घालून ठेवली.

नंतर तीच म्हणाली, "सांगनं शे ते सांग. पन पहिले बापूले सांग. सभामा चार लोकेसमोर त्या पहिल्यांदा ऐकतीन, ते बरं नही." मी विचारलं, तुला चालेल का. ती म्हणाली, "चालाले माले कोठे येस आते." मला वाटलं ती चेष्टा करतेय, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ही परवानगी होती की नव्हती, मी अजून ठरवू शकलेली नाही. मी ती परवानगी धरली. चुकीची धरली असेन तर त्याचं ओझं माझ्यावर.

काल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बापू ओट्यावर एकटे बसले होते. मी पायरीवर बसले आणि सांगितलं. जसं घडलं तसं. ऑपरेशननंतर आई भिंतीकडे वळली तिथपासून सुरुवात केली, कारण ते त्यांनी पाहिलं होतं. मग मागे गेले, रविवारपर्यंत. दोरी, पदर, ओरडणं, खांदा. मी बोलत असताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला समजलं की तसं ते त्या सकाळीही पाहत नव्हते. त्यांनी काहीच पाहिलेलं नाही. पाहायचं नसतं म्हणून पाहिलं नाही. त्यांना जे माहीत आहे ते सगळं माझ्या जबाबातून माहीत आहे. अर्जातला त्यांचा राग माझ्या एका शब्दावर उभा आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

ते म्हणाले, "मंग मन्हामुळे पडनी ती?"

नाही म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "तुमच्यामुळे नाही बापू. तुम्हाला मान देताना."

"एकच शे ते," ते म्हणाले.

मग ते उठले, आत गेले. आईच्या खोलीच्या दाराशी थांबले. ओट्यावरून मला दिसत होतं. दारातूनच, भिंतीकडे बघत ते म्हणाले, "पाय कसा शे?" आत्या, ते आईशी सरळ बोललेले मी आयुष्यात ऐकले नव्हते. नेहमी माझ्यामार्फत विचारतात. आईने उत्तर दिलं की नाही ते ऐकू आलं नाही. ते परत आले आणि बसले.

मी विचारलं, अर्ज मागे घ्याल का. "अर्ज मन्हा शे, तो राही. टेकडीखाले पायवाट शे तोवर फळी नको, हाई मी आज बी म्हनस." मी म्हटलं, तेच मलाही वाटतं. पायवाट पलीकडच्या बाजूने वळवावी, तोवर बर्फ बंद, आणि नंतर ठरलेल्या वेळी सुरू, दोरीऐवजी कुंपण, असं मी सांगणार आहे. पण मुलीवर कारवाईचं वाक्य अर्जातून काढा. ते म्हणाले, "तुन्हा जबाब तुन्हा शे. तू बोल. मी तठेच बठेल राहसू."

मी तिथेच बसलेला असेन. हे त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं की बोलताना माझी आठवण ठेव असं बजावलं, मला कळलं नाही. आज दिवसभर ते माझ्याशी बोललेले नाहीत. सकाळी फिरायलाही गेले नाहीत. आईने मला विचारलं, बापूंनी चहा घेतला का. घेतला नव्हता.

मुलांना मी सांगितलं, की टेकडी काही महिने तरी बंद राहील आणि मीही तसंच बोलणार आहे. संध्या म्हणाली, "मग आमच्या बाजूने कोण आहे?" मी म्हटलं, मी आहे. ती म्हणाली, "दिसत नाही." फिरायला येणाऱ्यांपैकी भिलाआप्पांना कुठून तरी कळलंय. त्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, पोरी, घरातल्या गोष्टी घरात. आता दोन्हीकडचे लोक माझ्यावर नाराज आहेत. मला रात्री झोप लागत नाही, पण आता त्याचं कारण वेगळं आहे. आधी मला काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून झोप येत नव्हती.

नवा जबाब लिहून झालाय. रविनाचा खांदा लागला हे त्यात आहे. आईने ऐकलं होतं, हे त्यात नाही. ते मी फक्त तुला लिहिलंय. बैठकीत कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. विचारू नये एवढंच वाटतं. ही पळवाट आहे का, यावर मला तुझं मत हवं होतं, पण आता तेवढा वेळ नाही.

वसतिगृहाच्या मॅडमशी बोलले. बैठकीत माझं म्हणणं नोंदलं गेलं की त्याच दुपारी त्या खोलीची किल्ली देतील. बुधवारी सकाळी मुकादमाची गाडी येणार. म्हणून फुलसिंगभाऊंना सांग, कोयता भावजयीच्या नावाने घ्या आणि मुलीला मंगळवारी दुपारच्या जीपने तळोद्याला उतरू द्या. तिथून एसटीने शहादा. मी स्टँडवर असेन. त्यांना विश्वास ठेवायला सांगू नकोस. माझ्या शब्दावर त्यांनी एकदा विश्वास ठेवलाय. फक्त दिवस सांग, म्हणजे नाही झालं तर त्यांनी मला विचारावं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. सकाळी अकरा वाजता, नगरपालिकेच्या सभागृहात, बापूंच्या समोर मी उभी राहणार आहे.

चारू